एकतीस मार्चची सफाई

कंपनीनं सर्व्हरला जागा कुठं द्यावी, तर कँटीनच्या मोरीला लागून. भिंतीच्या पलीकडं दुपारी दोनशे ताटं विसळली जायची आणि अलीकडं कालिंदी जिंतूरकर नाकाला रुमाल लावून बसायची. शिळ्या वरणाचा वास, त्यात एसीचा गारठा, आणि दाराबाहेरच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. त्या कोपऱ्यात तिनं एकदा पदरचे पैसे घालून देवांची चित्रं असलेल्या फरशा लावून घेतल्या होत्या. महिन्याभरात देवही लाल झाले. मग तिनं फरशा काढून टाकल्या. देवांची विटंबना नको म्हणून नव्हे. आपण कुठल्या माणसांत चौतीस वर्षं काढली याचा रोज पुरावा नको म्हणून.

बी.एस्सी. होऊन १९९१ साली ती चितेगावच्या या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली. मोटारसायकलींचे पत्र्याचे भाग प्रेसवर दाबून काढायचे, हे कंपनीचं काम. आवक-जावकच्या टेबलावर तेव्हा अप्पाराव होते. त्यांचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत कारकून, त्यामुळं कागदाची शिस्त घरातूनच आलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी कालिंदीला बजावलं, "बाई, कागद आला की शिक्का, गेला की नक्कल. मजकूर वाचायचा नाय. आपण दरवान. दरवानानं पाहुण्याच्या पिशवीत डोकवायचं नसतं." पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही, आणि शिकवायची गरजही पडली नाही.

टेलेक्स गेला, फॅक्स गेला, मेल आला. आवक-जावकवाली बाई म्हणून मेलचं लोढणंही तिच्याच गळ्यात पडलं. २०११ साली एका परदेशी गिऱ्हाइकानं अट घातली: सगळा पत्रव्यवहार दहा वर्षं जसाच्या तसा राखा, उद्या कोर्टकचेरी झाली तर दाखवता आला पाहिजे. तेव्हा हा सर्व्हर आला. त्याला बसवणारी पोरं पुण्याहून आली आणि चार दिवसांत गेली. कालिंदीनं त्यांच्याकडून हवं तेवढं शिकून घेतलं आणि त्या यंत्रात अप्पारावांचीच पद्धत बसवली. मेल सर्व्हरच्या दारातून आत आला किंवा बाहेर गेला, की त्याच क्षणी त्याची एक नक्कल आपोआप वेगळ्या पेटीत पडायची. पाठवणाऱ्यानं मागाहून पुसला, घेणाऱ्यानं पुसला, दोघांनी गळ्यात गळा घालून पुसला, तरी नक्कल जागच्या जागी. दर वर्षाची एक पेटी. एक एप्रिलला जुनी पेटी बंद व्हायची, नवी चालू व्हायची, आणि बंद पेटीच्या नोंदवहीवर दोन साहेबांच्या सह्या व्हायच्या. एवढं झालं की पेटीकडं बघायचंसुद्धा नाही. चौदा वर्षांत तिनं एकही पेटी उघडली नव्हती. याचा तिला अभिमान होता.

आता कंपनीतल्या लोकांनी काय बघितलं? तर बाई एक एप्रिलला वही घेऊन सह्या मागत फिरतात. त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की वर्षभराच्या मेलची नक्कल त्याच दिवशी होते. झालं! दरवर्षी मार्च लागला की ऑफिसात सफाई सुरू. पिचकाऱ्यांची नव्हे, त्या तशाच. मेलची सफाई. खरेदीचे साहेब केबिनचं दार लोटून घ्यायचे. हिशेबातले दोघं जेवायला न जाता स्क्रीनला नाक लावून बसायचे. एका साहेबांनी तर आपल्याकडच्या नव्या मुलीला पाठवलेलं काय काय पुसायला अर्धा दिवस रजा टाकली होती. घरून पुसलं तर दिसत नाही असा त्यांचा समज. वर येता-जाता एकमेकांना विचारायचं, "झाली का सफाई?" जशी काही दिवाळीच आलीय.

"बाई, एकतीसला किती वाजेपर्यंत?"

"बारापर्यंत," कालिंदी म्हणायची.

ती खोटं बोलत नव्हती. पेटी बारालाच बंद व्हायची. नक्कल कधी पडते, हे कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी गारखेड्याला घरी आली की ती नवऱ्याला, श्रीधररावांना, हे सांगायची आणि दोघं पोट धरून हसायचे. श्रीधरराव शाळेत गणिताचे मास्तर होते. ते म्हणायचे, "सांगून टाक ना एकदा."

"का सांगू? मला कुणी विचारलंय?"

या कंपनीत २०१९च्या डिसेंबरात चार नंबरच्या प्रेसवर गोकुळचा उजवा हात सापडला. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. गोकुळ सिल्लोडकडचा, सव्विसाव्या वर्षी लग्न ठरलेला. प्रेसखाली हात गेला की यंत्र आपोआप थांबावं म्हणून समोर एक सेन्सर असतो. त्या दिवशी त्याची तार काढलेली होती. कंपनीनं चौकशी केली आणि कागद काढला, की कामगारानं घाईत स्वतःच तार काढली, अपघात त्याच्या निष्काळजीपणामुळं झाला, सबब कामावरून कमी. साक्ष कृष्णाची. कृष्णा म्हणजे त्याच शिफ्टचा सुपरवायझर. सहा महिन्यांत तो शिफ्ट इनचार्ज झाला. आणि कागदावर लिहिता येत नव्हतं ते कंपनीच्या बसमध्ये सोडून दिलं: गोकुळ प्यायलेला होता. ते बसमधून सिल्लोडला त्याच्याआधी पोचलं. लग्न मोडलं.

गोकुळ कामगार न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं एकच होतं, तार मी काढली नाय, वरून हुकूम आला म्हणून ती काढली गेली. कृष्णानं माझ्यासमोर वर मेल केला होता. मग कोरोना आला, मग तारखा आल्या. पाच वर्षं गेली. २०२५च्या फेब्रुवारीत एकदाचा न्यायालयाचा हुकूम निघाला, की त्या डिसेंबरातले प्रेस विभागाचे मेल सत्तावीस मार्चला हजर करा. सोबत सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीनं स्वतः येऊन प्रमाणपत्र द्यावं.

सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती मोरीशेजारी बसली होती. पेटी उघडायला तिला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

शोधायला अकरा मिनिटं लागली. पाच डिसेंबर, गुरुवार. कृष्णाचा मेल, कारखान्याचे प्रमुख श्रीरंगसाहेब यांना: चार नंबरचा सेन्सर बिघडलाय, प्रेस सारखी थांबते. तार काढली तर ती चालेल पण हात जायचा धोका आहे. प्रेस बंद ठेवू का? सहा मिनिटांनी उत्तर: तार काढा. माल शनिवारी गेला पाहिजे. मग बघू.

माल शनिवारी गेला. तार मंगळवारीही तशीच होती. मंगळवारी गोकुळचा हात गेला. आणि त्याच मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला श्रीरंगसाहेबांचा सगळ्यांना मेल: यंदाची सहल म्हैसमाळला की वेरूळला, मत कळवा.

कालिंदीनं नाकाला रुमाल लावला. आधी वाटलं, मोरीचा वास. मोरी त्या वेळी कोरडी होती.

तिनं प्रिंट काढली आणि श्रीरंगसाहेबांपुढं ठेवली. साहेब बडीशेप चघळत होते. चघळायचे थांबले.

"हे कुठून आलं?"

"पेटीतून."

"पण मी तर त्याच मार्चला..." पुढचं त्यांनी बडीशेपेबरोबर गिळलं. लगेच कृष्णाला बोलावणं गेलं. "तू पुसला नव्हतास?"

"पुसला साहेब! आईची आन. तुमच्यासमोर पुसला. लॉकडाउनच्या आधी."

"मग राहिला कसा? तुझ्याकडनंच राहिला."

"माझ्याकडनं नाय. तुमचंच एखांदं राहिलं आसंल."

दोघं कालिंदीसमोर असे भांडत होते, जशी ती भिंतीला लावलेली खुर्ची. चूक कुणाच्या हाताची, एवढ्यासाठीच सगळं भांडण. हात म्हटल्यावर गोकुळची आठवण दोघांपैकी एकालाही झाली नाही.

मग हिमांशू आला. हा मालकांचा भाचा, यंदाच संगणक विभागाचा प्रमुख झालेला, अंगाला अत्तराचा असा वास की मोरी बरी. तो गोड हसून म्हणाला, "मॅडम, चौदा वर्षांचा सर्व्हर आहे. क्रॅश झाला म्हणायचं. ती पेटी उडवा आणि प्रमाणपत्र द्या, शोध घेतला, सापडलं नाही."

"मेल टाका."

हा तिचा नियम सगळ्या कंपनीला ठाऊक होता. सर्व्हरला हात लावायचा तर हुकूम लेखी पाहिजे. मागून पोरं तिला 'मेलटाका बाई' म्हणायची, तेही तिला ठाऊक होतं.

"असल्या गोष्टी कुणी लिहून देतं का?"

"मग असल्या गोष्टी होत नाहीत."

दोन दिवसांनी श्रीरंगसाहेब स्वतः खोलीत आले. दारातला कोपरा चुकवायला पँट चिमटीत उचलून. "कालिंदीताई, जूनमध्ये निवृत्त होताय ना? दोन वर्षं मुदतवाढ देता येईल. तुमच्यासारखी माणसं आता मिळतात कुठं?" दातात बडीशेपेचा हिरवा कण होता. कालिंदी त्या कणाकडंच बघत राहिली, म्हणजे तोंडाकडं बघावं लागलं नाही.

"मेल टाका, साहेब."

घरी श्रीधररावांनी भाजी वाढून घेत ऐकलं आणि म्हणाले, "तीन महिने राहिलेत. डोळे मिट, सही कर, घरी ये."

"डोळे मिटून सही कशी करतात?"

"सगळे करतात. बरोबर ओळीवर येते."

"तुम्ही केलीय?"

"केली की. शाळेत, खिचडीच्या वहीवर. पटावर साठ पोरं, ताटावर चाळीस." श्रीधरराव हसले. एरवी तीही हसली असती. तिनं ताट सरकवलं आणि उठली. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाचं हे तिला आज कळत होतं, आणि तो कोशिंबीर मागत होता.

चोवीस मार्चला, सोमवारी, हिमांशू लॅपटॉप उघडा धरूनच आत शिरला. "घ्या. टाकला तुमचा मेल."

कालिंदीनं उघडला. इंग्रजीत तीन ओळी: २०१९-२०ची पेटी न्यायालयाच्या तारखेआधी कायमची काढून टाकावी. खाली नाव, हुद्दा.

"वाचला?"

"वाचला."

तिच्या खांद्यावरून वाकून त्यानं माउस हिसकावला. तिच्या खात्यातला मेल पुसला, कचऱ्याच्या डब्यातूनही पुसला, मग स्वतःच्या लॅपटॉपवरचा तसाच दोनदा पुसला. सगळं एवढ्या सराईतपणे, की हे हात यात मुरलेले आहेत हे दिसत होतं. "तुमचा नियमही राहिला आणि माझं नावही राहिलं नाही. एक एप्रिलला अजून आठवडा आहे."

म्हणजे यालाही तोच समज! पुण्यात शिकलेला, विभागाचा प्रमुख, भिंतीवर तीन प्रमाणपत्रं. आणि हा माणूस सर्व्हर कसा चालतो ते सर्व्हरला न विचारता कँटीनमध्ये ऐकून आला होता. लबाडीचा कालिंदीला राग होताच, पण या आळसाची तिला शिसारी आली. चोरी करायची तर निदान अभ्यास तरी करून ये की रे.

"हं, आता उडवा," हिमांशू म्हणाला.

"काय?"

"पेटी."

"कुणाच्या हुकमानं?"

"आत्ता मेल वाचलात ना!"

"वाचला. कुठं आहे? दाखवा."

हिमांशूचे कान लाल झाले. "मॅडम, थट्टा करताय?"

"नियम सांगतेय. परत टाका. या खेपेला पुसू नका, मी प्रिंट काढून फायलीला लावणार."

"ठेवा तुमचा नियम!" तो लॅपटॉप मिटत म्हणाला. "मी बाहेरून माणूस आणतो. तुमच्याशिवाय अडत नाही."

तो बोलल्याप्रमाणे करील हे कालिंदीला दिसत होतं. तिनं त्याच दुपारी चालू वर्षाची पेटी उघडली. सगळ्यात वर हिमांशूचा मेल होता, बारा मिनिटांपूर्वीचा, नावासकट, हुद्द्यासकट. तिनं तिन्ही मेलच्या प्रिंट काढल्या, कायद्याप्रमाणं प्रमाणपत्र जोडलं, आणि पंधरा वर्षं कुणी न उघडलेली जावकची जुनी वही काढून त्यात नंबर घातला. नंबर घातल्याशिवाय तिच्या हातून कागद बाहेर गेला नसता.

संध्याकाळी बसच्या रांगेत कृष्णा तिच्याजवळ सरकला. "बाई, त्यात माझं नाव यायलंय. दोन लेकरं हायती मला."

"तुझं नाव बऱ्या जागी आहे. प्रेस बंद ठेवू का, असं तूच विचारलं होतंस."

"व्हय, विचारलं. पर मागून साक्ष उलटी दिली ना."

"त्याचं काय करायचं ते तू बघ. माझ्या पेटीत साक्ष नसते." आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. कृष्णा शेजारी बसला असता तर ते तिला सोसलं नसतं.

सत्तावीसला न्यायालयात कंपनीचे वकील उठून म्हणाले की सर्व्हर फार जुना आहे, पुष्कळ शोध घेतला, असे मेल अस्तित्वातच नाहीत. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "सर्व्हर कोण सांभाळतं?"

"मी," कालिंदी म्हणाली आणि कागद पुढं केले.

बाईंनी पहिला वाचला, दुसरा वाचला. "हा तिसरा कसला?"

"ही पेटी नष्ट करा असा हुकूम आहे. सोमवारचा."

मागच्या बाकावर हिमांशू मोबाइल काढून सोमवारचे मेल वर-खाली, वर-खाली करत राहिला. वकील खाली बसले. सर्व्हरला कुणीही हात लावायचा नाही, कृष्णाची साक्ष पुन्हा घ्यायची, आणि कामगारानं तार काढली हे कंपनीचं म्हणणं आता कशाच्या आधारावर उभं आहे ते पुढच्या तारखेला सांगायचं, एवढं लिहून घेतलं गेलं. 'प्यायलेला होता' हे कुठल्या कागदावर नव्हतंच, त्यामुळं ते खोडायचीही सोय नव्हती.

बाहेर व्हरांड्यात गोकुळ उभा होता. डाव्या हातात फाइल, उजव्या अंगठ्यानं तिला दाबून धरलेलं. सध्या तो सिल्लोडला मक्याच्या गोदामावर राखण करत होता. त्याच्या वकिलानं त्याला समजावून सांगितलं तसा तो कालिंदीकडं आला.

"म्हंजी मॅडम, तार म्या काढली असं आता कुणी म्हणणार नाय?"

"नाही म्हणणार. म्हटलं तर खोटं ठरेल."

त्यानं मान हलवली. कालिंदी थांबली. आभाराची तिला अपेक्षा नव्हती असं ती स्वतःला सांगत होती, पण थांबली होती खरी.

"हे कागद तुमाला कवा घावलं?"

"गेल्या महिन्यात."

"आन् पेटीत कवापासून व्हते?"

"पहिल्या दिवसापासून."

गोकुळनं फाइल काखेत धरली. बोटांवर मोजायला गेला, उजवा हात वर आला, मग तो खाली करून डाव्यावर मोजलं. "पाच वरसं. मंग इतके दिस का नाय काढले?"

"मला कुणी विचारलं नव्हतं," कालिंदी म्हणाली.

हेच वाक्य चौदा वर्षं दर मार्चला तिनं हसत हसत श्रीधररावांना ऐकवलं होतं. आता ते तोंडातून निघालं आणि बडीशेपेच्या हिरव्या कणासारखं दातात अडकून बसलं.

गोकुळ चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "व्हय," तो म्हणाला, "म्या नाय विचारलं. मला काय ठावं, असली पेटी असती म्हणून." आणि सिल्लोडची गाडी चुकेल म्हणून घाईनं निघून गेला.

तिला ठाऊक होतं. अपघातानंतरच्या त्या मार्चमध्ये कृष्णानं तिला तीनदा विचारलं होतं, "बाई, यंदा बी एकतीसलाच ना?" त्याच्या कपाळावर घाम होता, आणि ती "बारापर्यंत" म्हणून मजा बघत बसली होती. बसमधली कुजबुजही तिच्या सीटवरूनच पुढं गेली होती. दरवानानं पिशवीत डोकवायचं नसतं हे ठीक. पिशवीतून कण्हणं ऐकू आलं तर काय करायचं, ते अप्पाराव सांगायचे राहिले होते; पण ते सांगायला अप्पारावच कशाला लागत होते? कालिंदी बी.एस्सी. होती.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगसाहेबांनी तिला उभ्या उभ्या सांगितलं, "उद्यापासून तुमची बदली स्टोअरला."

"मेल टाका," ती म्हणाली. तो मेल काही आला नाही. या कंपनीत आता कुणीच कुणाला मेल टाकत नव्हतं.

आणि एकतीसला सकाळी खरेदीचे साहेब, जसं काही घडलंच नाही असे, दारातून डोकावले. "बाई, आज किती वाजेपर्यंत?"

इतका निगरगट्ट प्रश्न ऐकून कालिंदीनं कीबोर्ड पुढं ओढला. मग तिनं एक कागद मोठ्या अक्षरात छापून काढला आणि त्यांच्यादेखत बाहेरच्या त्या कोपऱ्यात, जिथं देवांच्या फरशा होत्या तिथं, चिकटवला:

'मेलची नक्कल मेल पाठवताक्षणीच पडते. २०११पासून पडते आहे. पुसून उपयोग नाही. ज्याला आपल्या बाबतीतला कागद हवा असेल त्याला कुणाकडं आणि कसा अर्ज करायचा ते मी सांगेन. खोली मोरीशेजारी. कालिंदी जिंतूरकर.'

साहेबांनी दोनदा वाचलं. चेहरा ओल्या पिठासारखा झाला. ते केबिनकडं गेले आणि दार लोटून घेतलं. सवय हो, दुसरं काय.

दुपारपर्यंत कागदावर पिचकारी पडली होती. मधल्या दोन ओळी लाल, नाव तेवढं स्वच्छ. कालिंदीनं रुमालानं नाक दाबून तो कागद चिमटीनं काढला, टोपलीत टाकला, आणि आत जाऊन त्याच मजकुराच्या वीस प्रती छापायला लावल्या. जूनपर्यंत तेवढ्या पुरायला हरकत नव्हती.

तिसरी प्रत चिकटवत होती तेव्हा रंगखात्यातला संघपाल मागं येऊन उभा राहिला. हातात जेवणाचा डबा, इकडंतिकडं बघणं चाललेलं.

"बाई, एक विचारायचं व्हतं."

"विचार की," कालिंदी वैतागून म्हणाली. "इतकी वर्षं काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती का सगळ्यांनी? आत ये. आणि पाय जपून टाक, तिथं घाण आहे."